सीटबेल्टचा दिवा आमच्यासाठीही लागू द्या

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए), नवी दिल्ली
तसेच सर्व भारतीय विमान कंपन्यांचे इनफ्लाइट विभागप्रमुख

विषय : टर्ब्युलन्स (हवेतले हादरे) असताना केबिन क्रूला काम करायला लावण्याबाबत

महोदय,

या पत्रातलं बहुतेक सगळं मी आधी रीतसर कळवलेलं आहे. सेफ्टी रिपोर्ट भरला, बेसवरच्या वरिष्ठांना भेटले, मेल केले. "नोंद घेतली आहे" एवढं उत्तर आलं. नोंद कुठे घेतली, तिचं पुढे काय झालं, ते कोणी सांगत नाही. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. आमच्या विमानांतून रोज ये-जा करणाऱ्यांनीही हे वाचावं, कारण कार्ट (खाण्यापिण्याची ढकलगाडी) उधळली की ती क्रू आणि प्रवासी असा भेद करत नाही.

नाव घालत नाही. आमच्या नेमणूकपत्रात बाहेर बोलायला बंदी आहे आणि मला अजून बरीच वर्षं उडायचं आहे. एवढं सांगते की गाव साताऱ्याकडचं, बेस मुंबई, आणि आता केबिनमधली सगळ्यांत सीनियर म्हणून पुढच्या दारापाशी बसते. मागच्या तिघांना 'बसा' म्हणायचं की 'चालू ठेवा' म्हणायचं, हे पुष्कळदा माझ्यावर येतं. या पत्राचा विषय तेवढाच आहे.

गेल्या पावसाळ्यात एका विमानात आमची एक ज्युनियर मुलगी मागच्या गॅलीजवळ (विमानातल्या स्वयंपाकघराजवळ) कार्ट घेऊन उभी होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे त्या एका कंपनीपुरतं नाही. सीटबेल्टचा दिवा लागलेला होता. इंटरफोनवर कॉकपिटमधून निरोप आला होता, "लाइट आहे, गरम देऊ नका, बाकी चालू ठेवा." लाइट म्हणजे हादरे हलके आहेत. चालू ठेवलं. मग एकच हिसका बसला. ती आणि कार्ट दोघी वर गेल्या, आणि खाली येताना कार्ट तिच्या पायावर आली. घोट्याचं हाड मोडलं. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी तिला दंडाला धरून स्वतःच्या पायांपाशी ओढून घेतलं नसतं, तर पुढच्या दोन हिसक्यांत तिचं डोकंही फुटलं असतं.

कंपनीची अंतर्गत चौकशी झाली. निष्कर्ष एका ओळीचा : क्रूने कार्टचा ब्रेक लावला नव्हता. तिचं म्हणणं, लावला होता. मी म्हणते, नसेलही लावला. म्हणून काय झालं? ब्रेक चाकाला असतो आणि चाक जमिनीवर टेकलेलं असेल तोवरच तो उपयोगाचा. कार्टच हवेत गेल्यावर ब्रेक लावला काय आणि नाही काय!

यानंतर थोड्याच दिवसांत सगळ्या क्रूला एक मेमो आला, आणि हे पत्र लिहायला बसवलं ते त्या मेमोनं. त्यात दोन परिच्छेद होते. पहिल्यात, स्वतःच्या सुरक्षिततेची काळजी प्रत्येकानं स्वतः घ्यावी. दुसऱ्यात, सीटबेल्ट साइनचं कारण देऊन विक्री अर्धवट सोडण्याचं प्रमाण वाढलं आहे, यापुढे अशा प्रत्येक वेळी लेखी खुलासा द्यावा. मोडलेल्या पायाचा खुलासा कोणाकडे मागितला, तो मात्र मेमोत नव्हता.

आता 'लाइट आहे' या निरोपाकडे येते, कारण सगळी गोम तिथे आहे.

२१ मे २०२४ रोजी सिंगापूर एअरलाइन्सचं लंडनहून सिंगापूरला निघालेलं बोइंग ७७७ म्यानमारवर ३७,००० फुटांवर होतं. त्या विमानात एका प्रवाशाचा मृत्यू झाला, कित्येकांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि विमान बँकॉकला उतरवावं लागलं. ही बातमी आपल्याकडेही सगळ्यांनी वाचली. सिंगापूरच्या तपास विभागानं आठवडाभरात जाहीर केलेला घटनाक्रम मात्र फार कमी लोकांनी वाचला असावा. आमच्यातल्या प्रत्येकानं तो पाठ करावा असा आहे. आधी हलकी थरथर सुरू झाली, आमच्या भाषेत 'लाइट'. अकरा सेकंदांनी वैमानिकांनी सीटबेल्टचा दिवा लावला. दिवा लागल्यावर आठ सेकंदांनी तडाखा बसला. ०.६ सेकंदात माणसांवरचा भार सरळ १.३५ जीवरून उलट दीड जीवर गेला (एक जी म्हणजे जमिनीवर उभं असताना जाणवणारा नेहमीचा भार). म्हणजे ज्यांनी पट्टा लावला नव्हता ते छताकडे फेकले गेले. पुढच्या चार सेकंदांत भार परत सरळ झाला आणि वर गेलेले सगळे खाली आपटले. विमानाची उंची या काळात फक्त १७८ फूट कमी झाली होती. हजारो फूट कोसळलं वगैरे जे टीव्हीवर चाललं होतं, तसं काही नव्हतं. माणूस मारायला १७८ फूट पुरले.

थरथरीपासून तडाख्यापर्यंत १९ सेकंद, दिव्यापासून आठ. महोदय, तुमच्यापैकी कोणीही आमच्या ट्रेनिंग सेंटरच्या मॉकअपमध्ये (विमानाच्या नमुन्यात) या आणि हातात घड्याळ धरून उभे राहा. बाराव्या रांगेपाशी भरलेली कार्ट. तिच्यावर पाण्याच्या बाटल्या, ज्यूसचे डबे, कपांची चळत. दोन्ही बाजूंना पाय बाहेर काढून बसलेले प्रवासी, शिवाय मागून एक जण टॉयलेटला निघालेला. तिथून मागच्या गॅलीपर्यंत कार्ट ओढत न्यायची, खणात सरकवायची, लाल लॅच फिरवायचे, जम्पसीट (क्रूची घडीची खुर्ची) खाली करायची, खांद्यावरचे पट्टे घालायचे. आठ सेकंदांत करून दाखवा. १९ सेकंदांतही व्हायचं नाही. म्हणजे हलकी थरथर सुरू होते तेव्हा खरं तर काम संपलेलं असायला हवं, आणि नेमकं तेव्हाच आम्हाला 'चालू ठेवा' सांगितलं जातं.

सगळे टर्ब्युलन्स असे न सांगता येतात असंही नाही. ढगांतलं पाणी विमानाच्या रडारला दिसतं, म्हणून वादळी ढगाला वळसा घालता येतो. मोकळ्या, कोरड्या हवेतला टर्ब्युलन्स रडारला दिसत नाही. हवामानाच्या अंदाजावरून किंवा पुढे गेलेल्या विमानानं सांगितलं तर कळतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून वेगवान जेट प्रवाह वाहतो, तेव्हा दिल्लीच्या फेऱ्यांना हा अनुभव येतो. मार्च ते मे या महिन्यांत आपल्याकडे वळवाचे ढग आणि बंगालकडे कालबैसाखीची वादळं. जूननंतर मुंबईत उतरताना घाटावरून समुद्राकडे येईपर्यंतचा सगळा पट्टा. कोल्हापूरसारख्या ठिकाणी जाणाऱ्या एटीआर या छोट्या, पंख्यांच्या विमानांना तर २५,००० फुटांच्या वर जाताच येत नाही, त्यामुळे ढगांच्या डोक्यावरून निघून जायची सोय नाही. त्यांना त्यातूनच वाट काढावी लागते. हे सगळं आम्हाला तारीखवार माहीत असतं. चांगले कॅप्टन ब्रीफिंगलाच सांगतात, "टेकऑफनंतर विसाव्या मिनिटाला पॅच आहे, तोवर काय ते उरका, मग मी सांगेपर्यंत कोणी उठायचं नाही." अशा कॅप्टनबरोबर ड्यूटी लागली की मागच्या मुली निर्धास्त असतात. तक्रार आहे ती याची की हे कॅप्टनच्या स्वभावावर सोडलेलं आहे.

हवाही बदलते आहे. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं की उत्तर अटलांटिकवर मोकळ्या हवेतला तीव्र टर्ब्युलन्स १९७९ ते २०२० या काळात ५५ टक्क्यांनी वाढला.

आणि अटलांटिकपर्यंत जायचं तरी कशाला? १ मे २०२२, महाराष्ट्र दिन. मुंबईहून दुर्गापूरला निघालेलं स्पाइसजेटचं बोइंग ७३७ उतरताना वादळी हवेत सापडलं. १४ प्रवासी आणि तीन केबिन क्रू जखमी झाले. कोणाच्या डोक्याला, कोणाच्या मणक्याला, कोणाच्या खांद्याला मार लागला. गंभीर जखमींपैकी एका प्रवाशाचा पुढे काही महिन्यांनी मृत्यू झाला. डीजीसीएनं कॅप्टनचा परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित केला. ते योग्य होतं की नव्हतं, यात मी पडत नाही. तो माझा प्रांत नाही. पण त्यानंतर केबिनमध्ये काय बदललं? आमच्या ब्रीफिंगमध्ये, आमच्या हातातल्या मॅन्युअलमध्ये, आमच्या कार्टवर मला काही बदललेलं दिसलं नाही. २१ मे २०२५ ला दिल्ली-श्रीनगर इंडिगो विमान गारांच्या वादळात अडकलं, नाकाचा भाग फुटला तरी वैमानिकांनी ते सुखरूप उतरवलं. तेव्हा चर्चा झाली ती पाकिस्तानच्या हवाई हद्दीची. व्हायलाच हवी होती. पण त्या मिनिटांत केबिनमधला माणूस कुठे होता, कशाला धरून होता, हा प्रश्न एकाही वाहिनीवर ऐकला नाही.

आता तक्रारी सांगते.

पहिली सीटबेल्टच्या दिव्याची. तो लागला की प्रवाशानं बसायचं, हे स्पष्ट आहे. क्रूनं काय करायचं, हे दिवा सांगत नाही. त्यासाठी वेगळी उद्घोषणा लागते, ती कधी येते, कधी येत नाही, कधी हिसका बसल्यावर येते. कॉकपिटमधली माणसं विमानाच्या नाकापाशी पट्टे बांधून बसलेली असतात. शेपटीकडे हादरा त्याहून जोराचा लागतो, हे मागच्या गॅलीत काम केलेल्या कोणालाही विचारा. पुढे 'लाइट' असतं तेव्हा मागे आम्ही ओव्हनच्या दाराला धरून उभे असतो. दुसरीकडे काही फ्लाइट्समध्ये दिवा इतका वेळ लागलेला राहतो, बाहेर निळं आकाश आणि पंखसुद्धा हलत नाही, की प्रवाशांचा त्याच्यावरचा विश्वासच उडतो. लांडगा आला रे आला. आणि तशात आम्ही कार्ट घेऊन हसतमुखानं फिरत असलो तर प्रवाशानं तरी काय समजावं? "तुम्ही फिरताय ना मॅडम, मग मी दोन मिनिटं टॉयलेटला गेलो तर काय बिघडलं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं. त्यांचं बरोबर असतं.

दुसरी विक्रीची, आणि ही जरा विस्तारानं सांगायला हवी. स्वस्त विमानसेवांत खाणंपिणं विकत असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. बाहेर कमी माहीत असलेली गोष्ट अशी की प्रत्येक फ्लाइटला विक्रीचा आकडा लागतो, त्याच्यावर क्रूचा इन्सेंटिव्ह ठरतो आणि महिन्याच्या शेवटी कोणाची विक्री कमी ते यादीत लावलं जातं. मुंबई-गोवा घ्या. दाराला दार धरून तासाभराचा उड्डाणकाळ, त्यात विमान सरळ पातळीवर असतं ते जेमतेम अर्धा तास. १८०-१८६ आसनं, आम्ही चौघं. त्या अर्ध्या तासात दोन कार्ट पूर्ण केबिनभर न्यायच्या, कार्ड मशीनला नेटवर्क नाही म्हणून सुटे शोधायचे, सॅंडविच संपलं म्हणून समजूत घालायची, कचरा गोळा करायचा आणि वर हसायचं. यात पाच मिनिटं थांबलं तर मागच्या दहा रांगांपर्यंत कार्ट पोचतच नाही. मग कोणती मुलगी आपण होऊन बसेल? कागदावर तिला बसायचा हक्क आहे. तो वापरला की लेखी खुलासा, महिनाअखेरीला यादीत नाव तळाला, आणि पुढच्या प्रमोशनच्या मुलाखतीत 'कस्टमर ओरिएंटेशन कमी' असा शेरा. हे वेड पांघरून पेडगावला जाणं आहे. सुरक्षितता प्रथम असं भिंतीवर लिहायचं आणि हिशेब दुसऱ्याच गोष्टीचा ठेवायचा.

यातच कप नूडल्स येतात. उकळत्याच्या जवळपास गेलेलं पाणी एका हलक्या कपात ओतायचं, झाकण नुसतं दुमडायचं, आणि खिडकीतल्या माणसाला दोघांच्या डोक्यावरून द्यायचं. मधल्या सीटवर आईच्या मांडीवर बाळ. मी दर वेळी तो कप पुढे करताना श्वास रोखते. कोरियन एअरनं १५ ऑगस्ट २०२४ पासून लांब पल्ल्याच्या विमानांत इकॉनॉमीच्या प्रवाशांना कप नूडल्स देणं बंद केलं, टर्ब्युलन्स वाढला आणि भाजण्याचा धोका आहे एवढ्याच कारणानं. कोरियन माणसाला विमानातल्या नूडल्सचं किती प्रेम आहे हे ज्यांना माहीत आहे त्यांना या निर्णयाचं वजन कळेल. त्याच वर्षी जुलैपासून त्यांनी मध्यम आणि लांब पल्ल्याच्या विमानांत केबिनमधली सेवा उतरण्याच्या ४० मिनिटं आधी आटपायला सुरुवात केली. पूर्वी ती वीस मिनिटं होती. सिंगापूर एअरलाइन्सनं त्या अपघातानंतर काही दिवसांतच ठरवलं की सीटबेल्टचा दिवा लागला की गरम पेयंच नव्हे, जेवणही बंद, आणि क्रूनं जागेवर बसायचं. त्या कंपन्यांचं दिवाळं वाजलं नाही.

उतरण्याच्या टप्प्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण बहुतेकांना वाटतं धोका वर, उंचावर असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २०२१ मध्ये तिथल्या नियमित विमानसेवांच्या २००९ ते २०१८ या दहा वर्षांतल्या अपघातांचा अभ्यास करून दाखवलं की एक तृतीयांशाहून जास्त अपघात टर्ब्युलन्सचे होते, जखमींमध्ये क्रूच जास्त होता, आणि विमान खाली येत असतानाचा काळ फार वाईट. त्यांनी सांगितलं, उतरताना क्रूला आणखी लवकर बसवा. आमच्याकडे नेमक्या त्याच काळात आम्ही पिशवी घेऊन कचरा गोळा करतो, खिडक्यांचे पडदे वर करायला सांगतो, एकेकाचा पट्टा वाकून बघतो. इतरांचे पट्टे तपासणारा माणूस तेवढा बिनपट्ट्याचा.

तिसरी तक्रार मोजणीची. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा आकडा कोणालाही उघडून बघता येतो : २००९ ते २०२२ या काळात टर्ब्युलन्समुळे १६३ जण गंभीर जखमी झाले, त्यांत १२९ क्रू आणि ३४ प्रवासी. विमानात प्रवासी दीडशे-दोनशे आणि क्रू चार-पाच, तरी जखमींत पाचातले चार आमचे. आपल्याकडेही असा आकडा दरवर्षी सगळ्यांसमोर यायला हवा. तो येत नाही, आणि आतून मला त्याचं कारण दिसतं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे हाड मोडलं, किंवा ४८ तासांपेक्षा जास्त रुग्णालयात राहावं लागलं, तर इजा 'गंभीर' ठरते. बोटाचं किंवा नाकाचं साधं फ्रॅक्चर त्यात धरत नाहीत. पाठीत उसण भरली, मान अवघडली, खांदा निखळता निखळता राहिला, तर ते कुठेच मोजलं जात नाही. ते आम्हीही सांगत नाही. का सांगत नाही? आमच्या पगाराचा मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांवर मिळणाऱ्या भत्त्याचा असतो. पाठ दुखते म्हटलं की डॉक्टर अनफिट करतात, अनफिट म्हणजे ग्राउंडेड, ग्राउंडेड म्हणजे उड्डाण बंद, हातात नुसता मूळ पगार. मुंबईत चौघींनी मिळून घेतलेल्या फ्लॅटचं भाडं त्यात भागत नाही. मग मुली पेनकिलर घेतात, लिपस्टिक लावतात आणि पहाटे चारच्या पिकअपला उभ्या राहतात. ज्या मुलीचा पाय मोडला ती अजून घरी आहे. भत्ता बंद आहे.

चौथी सामानाची. ही दोन वाक्यांत आटपते. ब्रेक न धरणाऱ्या, लॅच ढिली असलेल्या कार्टला आम्ही टॅग लावून परत पाठवतो, आणि चार दिवसांनी तीच कार्ट टॅग काढून पुन्हा आमच्यासमोर येते. केटरिंग म्हणतं मेंटेनन्सचं काम, मेंटेनन्स म्हणतं केटरिंगचं.

पाचवी मांडीवरच्या बाळांची. दोन वर्षांखालचं मूल आईच्या मांडीवर, आईच्या पट्ट्याला अडकवलेल्या छोट्या पट्ट्यात. उलट दीड जीमध्ये कोणत्याही आईचे हात मूल धरू शकत नाहीत, कितीही घट्ट धरलं तरी. तो छोटा पट्टा हा आहे त्यातला उपाय आहे. अमेरिकेत तर टेकऑफ-लँडिंगला तसा पट्टा चालतच नाही, आणि तिथलं सुरक्षा मंडळ बाळाला स्वतंत्र आसन आणि चाइल्ड सीट द्या असं वर्षानुवर्षं सांगतं आहे. बुकिंगच्या वेळी एकाही आईबापाला हे कोणी सांगत नाही. सीट निवडायचे पैसे, जादा बॅगेचे पैसे, विम्याचे पैसे या सगळ्या खिडक्या उघडतात. ही एक उघडत नाही.

प्रशिक्षणाबद्दल फार लिहीत नाही. वर्षातून एकदा रिफ्रेशर होतो. आग, पाणी, दार उघडणं, घसरगुंडी, सगळं प्रत्यक्ष करून घेतात. टर्ब्युलन्स मात्र स्लाइडवर. जवळ सीट रिकामी असेल तर बसून पट्टा लावा, नसेल तर खाली बसा आणि आसनाच्या पायाला धरा. भरलेल्या विमानात, अरुंद आइलमध्ये (आसनांमधल्या वाटेत), मधे कार्ट असताना खाली नेमकं कुठे बसायचं, हे कधी कोणी करून दाखवलेलं नाही.

कंपन्यांकडून येणारं उत्तर मला तोंडपाठ आहे. सेवा थांबली की प्रवासी तक्रार करतात. करतात, खरं आहे. पाणी दिलं नाही म्हणून माझा व्हिडिओ काढणारेही भेटले आहेत. पण उद्घोषणेत 'असुविधेबद्दल क्षमस्व' एवढंच न म्हणता नीट कारण सांगितलं, की पुढे हवा खराब आहे, कॅप्टननी आम्हालाही बसायला सांगितलं आहे, तर दहांतले नऊ जण स्वतःहून पट्टा आवळतात. क्रूला बसलेलं बघून प्रवासी जितका सावध होतो तितका कुठल्याच दिव्यानं होत नाही. राहिला तो दहावा. त्याची तक्रार कंपनीनं झेलावी. ती झेलायला कंपनीकडे कस्टमर केअर आहे, आमच्याकडे नुसती जम्पसीट आहे.

दुसरं उत्तर येतं की अंतिम निर्णय कॅप्टनचा. तोही मान्य. कॅप्टनचा अधिकार काढून घ्या असं मी म्हणत नाही. कॅप्टननी बसा म्हटल्यावर बसायचंच. कॅप्टननी चालू ठेवा म्हटलं आणि मागे उभं राहता येत नसेल तर मागच्यानंही बसायचं, आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारायचा नाही.

तर मागण्या अशा आहेत.

डीजीसीएनं सर्व कंपन्यांना बंधनकारक असं परिपत्रक काढावं. त्यात सीटबेल्टचा दिवा लागला की गरम पेयं, गरम पाणी आणि विक्री बंद, कार्ट गॅलीत आणि क्रू जागेवर, हा एकच नियम सर्वांना असावा. दिवा उगाच लागलेला राहू नये म्हणून तो कधी लावायचा आणि कधी काढायचा, यावरही वैमानिकांना स्पष्ट सूचना असाव्यात. पावसाळ्यात आणि वळवाच्या महिन्यांत उतरण्याच्या टप्प्यात केबिनची सगळी कामं लवकर संपवून क्रूला बसवण्याची वेळ ठरवून द्यावी. ती किती असावी हे वैमानिक आणि क्रू दोघांना बसवून ठरवा, आमच्याशिवाय नको.

स्वतःच्या अंदाजानं बसलेल्या क्रूकडून खुलासा मागायला बंदी करावी, आणि असे मेमो ज्यांनी काढले आहेत त्यांना ते मागे घ्यायला लावावेत. ज्या फेरीत दिवा लागून सेवा थांबली, ती फेरी विक्रीच्या हिशेबातून वगळावी.

टर्ब्युलन्समध्ये झालेली प्रत्येक इजा, हाड मोडलेलं असो वा नसो, थेट डीजीसीएकडे नोंदवता यावी, कंपनीला वळसा घालून, आणि दरवर्षी क्रू व प्रवासी असे वेगळे आकडे प्रसिद्ध व्हावेत. ड्यूटीवर जखमी झालेल्या क्रूला बरं होईपर्यंत मागच्या काही महिन्यांच्या सरासरीनं उड्डाणभत्ता मिळावा. हे शेवटचं झालं नाही तर आधीचं होणार नाही. पगार तुटणार असेल तर कोणीही इजा नोंदवणार नाही.

नादुरुस्त कार्टचा नंबर विमानाच्या केबिन लॉगमध्ये चढावा आणि दुरुस्तीची सही झाल्याशिवाय ती विमानात येऊ नये. बाळाचं तिकीट काढताना स्वतंत्र आसनाचा आणि चाइल्ड सीटचा पर्याय स्क्रीनवर दिसावा, मांडीवरच्या बाळाचा धोका साध्या मराठी-हिंदीत लिहिलेला असावा. रिफ्रेशरमध्ये भरलेल्या आइलमधला टर्ब्युलन्स ड्रिल प्रत्यक्ष करून घ्यावा, कार्टसकट.

हे परिपत्रक फेब्रुवारीअखेर निघालं तर मार्चपासूनच्या वळवाच्या हवेत त्याचा उपयोग होईल. मसुदा तयार झाला की तो वेबसाइटवर टाकून क्रूकडूनही सूचना मागवा, फक्त कंपन्यांकडून नको. सूचना देणाऱ्या क्रूवर कंपनी कारवाई करणार नाही एवढी हमी त्यात लिहून द्या. तशी हमी असेल तर माझ्या सूचना मी नाव, स्टाफ नंबर आणि बेस घालून पाठवीन.

आपली,
एक केबिन क्रू सदस्य,
मुंबई बेस